दोघांना बोलावंच लागेल अशी जागा

चुसोकच्या, म्हणजे आमच्या पितरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी आमच्या खिडकीशी येणारी माणसं साधारण तीनच प्रश्न विचारतात. स्वच्छतागृह कुठे आहे, बुल्गुक्साच्या देवळाकडे जाणारी बस कुठून सुटते, आणि अर्ध्या दिवसात काय काय पाहून होईल. ग्योंगजूच्या बस स्थानकासमोरच्या माहिती केंद्रात मी अकरा वर्षं बसते आहे. तिन्ही उत्तरं मला झोपेतही देता येतात. नवरा म्हणतो, देतेसही.

त्या वर्षी निम्मा सप्टेंबर उलटला तरी उन्हाळा हटायचं नाव घेत नव्हता. सकाळी अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात काठी, पण काठीवर भार नाही. नुसती धरलेली. रांगेत पुढे बसची चौकशी करणारं एक जोडपं होतं. आजींनी शांतपणे वाट पाहिली, मग पुढे येऊन माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"ग्वाक ह्येसूक. ह्योनपुंगचे ग्वाक का गं तुम्ही?"

"हो आजी."

"माझी मावशी तिकडेच दिली होती. फार कडक माणसं." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उद्या सण आणि तू इथे? सासू नाही का तुला?"

"आहे. म्हणून तर इथे आहे."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. हिशेब पटल्यासारखी. खरं तेच होतं. सणाच्या दिवसांची ड्यूटी मी दर वर्षी मागून घेते. आमच्याकडे पितरांच्या ताटासाठी दोन दिवस भजी तळावी लागतात. माझ्या जावा तळतात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात.

"बरं, काय पाहायचंय तुम्हाला?" मी नकाशा उलगडला. "राजांची थडगी इथेच, चालत जाण्यासारखी. चोमसोंगदेची वेधशाळा त्याला लागून. संध्याकाळी वोल्जीचं तळं पाहा, दिवे लागल्यावर छान दिसतं, फक्त गर्दी..."

"ते सगळं मी शाळेच्या सहलीत पाहिलंय. तेव्हा तिथे बकऱ्या चरायच्या." आजींनी नकाशावर हात ठेवला. "मला असं ठिकाण सांग, जिथे दोन माणसांना एकमेकांशी बोलावंच लागेल. बोलल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही."

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"कोण दोन माणसं?"

"माझे मुलगे. एक सत्तावन्न वर्षांचा, एक बावन्न. दोघंही बाहेर गाडीत बसलेत. एक पुढे, एक मागे. उईसोंगहून इथवर दोन तास मी मधोमध रेडिओसारखी बोलत आले. कुणी चकार शब्द काढला नाही."

मागे रांग नव्हती. मी त्यांना आतल्या खुर्चीवर बसवून पाण्याची बाटली दिली. आजींचं नाव बांग मालसून. पाच मुलींनंतर सहावी झाली, तेव्हा आता पुरे म्हणून 'शेवटची' अशा अर्थाचं हे नाव ठेवलं. ते ठेवूनही पाठीवर आणखी दोघी आल्या, असं त्यांनीच सांगितलं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. गावामागच्या डोंगरउतारावर त्याला पुरलं होतं. रीतीप्रमाणे वर मातीचा ढिगारा, त्यावर हिरवळ. आमच्याकडे चुसोकच्या आधी पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापावंच लागतं. वाढलेलं गवत म्हणजे घरातली मुलं मेली की काय, असं लोक विचारतात. थोरला मुलगा दोकसू उल्सानला जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता, आता निवृत्त. तिन्ही वर्षं त्यानेच गवत कापलं. या वर्षी कापताना यंत्राचं पातं गांधीलमाश्यांच्या पोळ्यात गेलं. दोन दिवस तो दवाखान्यात होता. घरी आल्यावर त्याने जाहीर केलं, बास झालं. आता बाबांना बाहेर काढायचं, दहन करायचं, आणि अस्थी शहरातल्या अस्थिगृहात ठेवायच्या.

"धाकटा ब्योंगहो. सुवॉनला चष्म्याचं दुकान आहे त्याचं. तो म्हणाला, बाबांना जाळणार असशील तर तू माझा भाऊ नाहीस. यावर थोरला म्हणाला, एकदा तरी यंत्र हातात धर आणि मग भावाच्या गोष्टी कर. झालं. महिना झाला, अबोला."

"आणि सणाचं काय? पितरांचं ताट?"

"या वर्षी नाही मांडायचं म्हटलं. दोन कोपऱ्यांत तोंड फुगवून बसलेल्या मुलांच्या हातचं ताट त्याला काय गोड लागणार आहे? मीच म्हटलं, फिरायला जाऊ. सुनांना म्हटलं, तुम्ही माहेरी जा. अख्खी गल्ली हसली. हसू देत."

मी विचार करायला लागले. दोघांनी चालवायच्या सायकली इथे भाड्याने मिळतात, पण पन्नाशी उलटलेले दोन रागावलेले पुरुष त्यावर बसतील असं काही मला वाटेना. बुल्गुक्साला गर्दीत प्रत्येकाला हरवून जाता येतं. तळ्याकाठी तर फोटो काढत तोंड फिरवून उभं राहायला चांगलीच सोय.

"नामसानचा डोंगर," मी म्हणाले. "साम्नुंगकडून चढायचं. खाली पाइनचं बन आहे, तिथे तीन राजांची थडगी. सावली आहे. तुम्ही तिथेच बसा. तिथून वाट वर जाते. खडकांत कोरलेले बुद्ध लागतात. वाट अरुंद आहे, पुढे दगड मोठे आहेत. एकाने वर चढून हात दिला तर दुसरा चढतो. वरच्या आश्रमापर्यंत जाऊन परत यायला दोन-अडीच तास."

"वर जातील कशाला ते?"

"ते तुम्ही बघा, आजी."

आजींनी दोन घोट पाणी पिऊन क्षणभर विचार केला. "आश्रमात मेणबत्ती लावता येते?"

"येते."

"मग उद्या सणाला बाबांच्या नावाने लावायची म्हणेन. दोघांनी मिळून लावली तरच पोचते म्हणेन."

"असं काही असतं?"

"आता असतं," त्या म्हणाल्या.

नकाशावर मी लाल पेनने खूण केली आणि कोपऱ्यात माझा फोन नंबर लिहिला. हे सहसा आम्ही करत नाही. उकाडा होता आणि आजी ऐंशीच्या वर, म्हणून लिहिला. त्या बाहेर पडल्यावर काचेतून पाहिलं. पांढऱ्या गाडीत पुढे चालकाच्या जागेवर चष्मा लावलेला एक सडपातळ माणूस होता. मागच्या बाजूला रुंद खांद्यांचा दुसरा, खिडकीबाहेर तोंड केलेला. आजी पुढे बसल्या आणि लगेच हात हलवत बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी, ऐन सणाच्या दिवशी, माझी ड्यूटी एकला संपली. घरी भजी तळून झाली असणार आणि भांड्यांचा ढीग माझ्यासाठी राखून ठेवला असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमचं घर नेनामच्या बाजूला. माझी बस साम्नुंगवरूनच जाते. त्या थांब्यावर उतरायचं मी काही ठरवलं नव्हतं. पण बसमधल्या पाटीवर बाहेरचं तापमान चौतीस दिसलं, आणि मला त्या आजी आठवल्या. बन आहे, सावली आहे असं म्हणाले होते मी. शेवटी सल्ला माझा होता. उतरले.

पाइनचं ते बन वाकड्या खोडांचं आहे. एकही झाड सरळ नाही. तिन्ही थडगी त्यात एका ओळीत, घरांएवढी उंच, गवत अगदी बारीक कापलेलं. त्यांच्यासमोर एका बाकावर बांग आजी चप्पल काढून बसल्या होत्या. शेजारी सोंगप्योनचा डबा उघडा होता. विकतचे तांदळाचे लाडू, एका आकाराचे.

"आलीस?" जणू त्या माझी वाटच पाहत होत्या. "बस. खा. गाभ्यात तीळ आहे, पण साखर फार. विकतचं ते विकतचं."

"गेले का ते?"

"साडेअकराला गेले. जाताना थोरला पुढे, धाकटा दहा हात मागे. आपण एकमेकांना ओळखतच नाही असे." त्यांनी एक लाडू माझ्या हातात ठेवला. "सकाळी लॉजच्या खोलीच्या खिडकीत मी एक सफरचंद आणि एक कप कॉफी ठेवली. बाबांना कॉफी आवडायची. पाकिटातली, गोड. दोघांनी पाहिलं आणि दोघंही काही न बोलता वाकले. वेगवेगळे वाकले. आधी एक, मग दुसरा."

मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

"ही थडगी कुणाची गं?" आजींनी विचारलं. "पाटीवर नावं आहेत, पण माझा चष्मा गाडीत राहिला."

"तीन राजांची नावं आहेत. पण जाणकार म्हणतात, खात्री नाही. कित्येक शतकांचं अंतर आहे त्या राजांमध्ये. एका ओळीत कसे येतील, असा प्रश्न आहे. शहरातल्या बहुतेक थडग्यांचं तसंच आहे. आत कोण आहे, ते कुणाला माहीत नाही."

"आणि गवत कोण कापतं?"

"नगरपालिका. वर्षातून बरेच वेळा."

आजी बराच वेळ त्या गुळगुळीत हिरव्या टेकाडांकडे पाहत राहिल्या. "म्हणजे गवत कापलं जातं, पण माणूस कोण ते माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ब्योंगहोचं सांगितलं. वडील गेले तेव्हा तो महामार्गावर गाड्यांच्या रांगेत अडकला होता. चाळीस मिनिटं उशीर झाला. दवाखान्यात आला तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. त्याने ती काढायला सांगितली नाही, आणि कुणी काढलीही नाही. "त्या दिवसापासून तो सणाला फळांची मोठी पेटी आणतो, जेवतो, आणि निघून जातो. गवताच्या दिवशी दर वर्षी दुकानात काहीतरी निघतं."

"आणि थोरला?"

"थोरला कुरकुरत सगळं करतो. जन्मापासून. गवत कापतानाही त्याचं एकच रडगाणं. गावातला कुणीतरी दारुडा बाबांच्या थडग्यावर येऊन पितो म्हणे. मक्कोलीच्या बाटल्यांची झाकणं गवतात टाकून जातो. यंत्राच्या पात्याला लागून झाकण उडतं. गेल्या वर्षी एक त्याच्या कपाळावर बसलं. गावात जाऊन त्याने सरपंचाशी भांडण केलं."

अडीच वाजले. मग तीन. आजी आता डब्याचं झाकण उघडत होत्या, बंद करत होत्या. मी दोकसूचा नंबर मागून लावला, तर त्याचा फोन आजींच्याच पिशवीत वाजला. पँटच्या खिशात जड होतो म्हणून ठेवून गेला होता. ब्योंगहोचा फोन बंद लागत होता.

"थकले असतील," मी म्हणाले.

"किंवा एकाने दुसऱ्याला ढकललं असेल."

हे त्या थट्टेत म्हणाल्या. पण मग त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि काठी हातात घेतली. या वेळी काठीवर भार होता.

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हटलं. "मी थोडं वर जाऊन पाहते. अर्ध्या तासात कुणी दिसलं नाही तर मदत पथकाला फोन करते."

माझ्या पायांत ऑफिसचे बूट होते. अकरा वर्षं लोकांना या वाटेवर पाठवते आहे, आणि स्वतः शेवटची कधी चढले होते ते आठवेना. वीस मिनिटांवर मुंडकं नसलेला बुद्ध आहे. कुणीतरी कोण जाणे कधी त्याचं डोकं तोडलं. खांद्यावरच्या वस्त्राची गाठ मात्र अजून दोऱ्यासकट स्पष्ट दिसते. तिथवर पोचेपर्यंत मला धाप लागली. आणि तिथेच वरून आवाज ऐकू आले.

"दादा, मान सोड. गळा दाबतोयस."

"तू नीट चाल मग."

"नीटच चालतोय. तू कमी खा. शंभर किलोचा झालायस."

"ब्याऐंशी."

"ते लग्नात."

वळणावरून ते आले. सडपातळ धाकट्याच्या पाठीवर रुंद खांद्यांचा थोरला. धाकट्याचा चष्मा नाकाच्या टोकावर घसरला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता. थोरल्याचा उजवा बूट त्याच्याच गळ्यात नाडीने लटकत होता, आणि घोटा सुजून वांग्यासारखा झाला होता. मला पाहून धाकटा थांबला.

"मी माहिती केंद्रातली," मी म्हणाले. "तुमच्या आई खाली काळजीत आहेत."

"तुम्हीच का त्या?" दोकसू पाठीवरूनच म्हणाला. "सोपी वाट आहे, असं सांगितलंत म्हणे."

"सोपी नाही म्हणाले. दगड मोठे आहेत म्हणाले."

"आईने आम्हाला सोपी सांगितली."

ब्योंगहोने त्याला बुद्धाच्या पायाशी एका दगडावर उतरवलं आणि स्वतः जमिनीवर आडवा झाला. मी पाणी दिलं. हळूहळू कळलं ते असं. आश्रमात दोघांनी मेणबत्ती लावली, तीही एका काडीने, कारण आईची अट होती. उतरताना एका ओल्या खडकावरून दोकसूचा पाय घसरला. ब्योंगहो मागे होता, अजूनही दहा हात. धावत आला. दोन माणसं मदतीला आली होती, त्यांना दोकसूने परत पाठवलं. बरा आहे म्हणाला. उठायला गेला तर उठता येईना. मग दोघं तासभर तिथेच बसून राहिले.

"तासभर काय केलंत?" मी विचारलं.

"भांडलो," ब्योंगहो म्हणाला.

"झाकणं याची होती," दोकसू म्हणाला.

मला कळायला एक क्षण गेला. ब्योंगहोने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. चष्म्याचा दुकानदार असं पुसत नसावा.

"हिवाळ्यात दुकान लवकर बंद होतं," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "महिन्यातून एकदा जायचो. तीन तास लागतात. बाबांना एक पेला, मला एक. मग गाडीत झोपायचो आणि पहाटे परत. आईला सांगितलं असतं तर तिने जेवायला थांबवलं असतं. मला नुसतं तिथे बसायचं होतं."

"आणि मी सरपंचाच्या अंगावर गेलो," दोकसू म्हणाला. "सबंध गावासमोर. तीन वर्षं लागली तुला हे बोलायला? एक झाकण खिशात टाकून नेता येत नव्हतं?"

"अंधार असायचा."

"अंधार असायचा म्हणे." दोकसूने कपाळ चोळलं, जिथे गेल्या वर्षी झाकण लागलं होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला वाटलं होतं, बाबांकडे माझ्याशिवाय कुणी जात नाही. त्याचाच राग होता. गवताचा नव्हता."

ब्योंगहो उठला. पुन्हा पाठ वाकवून बसला. "चल. चढ."

खाली उतरायला पाऊण तास लागला. शेवटच्या सपाट वाटेवर मी दोकसूचा एक हात खांद्यावर घेतला. ब्याऐंशी ते खरंच लग्नातले असावेत.

आजींनी आम्हाला दुरूनच पाहिलं. उठल्या नाहीत. जवळ आल्यावर दोकसूचा घोटा पाहिला, ब्योंगहोचा भिजलेला शर्ट पाहिला.

"म्हातारी मी," त्या म्हणाल्या, "आणि पाठीवर बसून आलास तू."

"आई, तुझी मेणबत्ती."

"लागली का?"

"लागली."

"एका काडीने?"

"एका काडीने."

"मग बस आता." त्यांनी डबा पुढे केला. दोघं भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले आणि खायला लागले. भुकेलेल्या पोरांसारखे, बोटं चाटत. ब्योंगहोने आईला स्वतःच झाकणांचं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. त्यांना आधीच माहीत होतं की काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला आजही सांगता येणार नाही.

मग त्या म्हणाल्या, "ही ग्वाक बाई सांगते, या राजांचं गवत नगरपालिका कापते. पण आत कोण आहे, ते कुणाला ठाऊक नाही. तुमचे बाबा काही राजे नव्हते. नगरपालिका येणार नाही. तू सत्तरीचा झाल्यावर कोण कापणार? तुझी मुलगी व्हँकुव्हरला. याचा मुलगा डोंगर म्हटला की इंटरनेट आहे का विचारतो."

"तेच मी म्हणतोय," दोकसू म्हणाला.

"तू अस्थिगृह म्हणतोयस. काचेच्या कपाटात, सातव्या मजल्यावर. तिथे हा बसून पिणार कुठे?" आजींनी काठीच्या टोकाने मातीत एक चौकोन काढला. शाळेच्या पाटीएवढा. "तीच जागा. ढिगारा नको. अस्थी खाली, वर एवढा दगड, जमिनीला लागून. यंत्र फिरवायला नको. दोन वेळा झाडून काढलं की झालं. शेजारी माझ्यासाठी जागा ठेवा, तेवढीच."

दोघांनी वाकून चौकोन पाहिला. पाइनच्या काड्या पडत होत्या.

"जाळावं लागेलच?" ब्योंगहोने विचारलं.

"लागेल."

"आई, त्या दिवशी मी चादर काढायला सांगायला हवं होतं."

"हवं होतंस," आजी म्हणाल्या. त्यांनी त्याचं खोटं समाधान केलं नाही. "मलाही सुचलं नाही. यालाही नाही. तिघंही तिथेच उभे होतो." मग त्याच्या पाठीवरची माती झटकत म्हणाल्या, "तुझे बाबा खरंच त्या मातीत बसलेले असते ना, तर तुझ्या वाटची मक्कोलीसुद्धा पिऊन गेले असते. पेला भरलेलाच राहायचा ना?"

"राहायचा."

"मग?"

ब्योंगहो हसायला गेला आणि ते हसू नीट जमलं नाही. त्याने तोंड फिरवलं. दोकसूने डब्यातला शेवटचा लाडू उचलून, त्याच्याकडे न पाहता, त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे कधी ठरवलंस तू?" दोकसूने आईला विचारलं.

"तुला माश्या चावल्या त्याच दिवशी."

"मग महिनाभर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हा म्हणाला असता, आई दादाच्या बाजूची. आणि तू म्हणाला असतास, धाकट्याचे लाड. आधी तुम्ही बोलायला हवं होतं."

सणाच्या दिवशी कुठला दवाखाना उघडा आहे, याची यादी माझ्याकडे असतेच. मी त्यांच्याबरोबर गाडीत बसून वाट दाखवली. हाड मोडलं नव्हतं, पण घोट्याला प्लास्टरची पट्टी आणि तीन आठवडे विश्रांती. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? दोकसू म्हणाला, पर्यटन.

मी घरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. जावा निघून गेल्या होत्या. भांडी खरोखरच माझ्यासाठी ठेवली होती.

"डोंगर दाखवून झाला पर्यटकांना?" सासूबाईंनी विचारलं. माझ्या बुटांना लागलेली लाल माती त्यांनी पाहिली होती.

मी भांडी घासता घासता सगळं सांगितलं. सासूबाई बोलणाऱ्या बाई नाहीत, आणि अकरा वर्षांत सणाच्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात इतका वेळ कधी उभीही नव्हते. त्यांनी थंड भज्यांची ताटली माझ्याजवळ सरकवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या बाईचं त्या बाईला," शेवटी त्या म्हणाल्या. "मला मात्र ढिगारा पाहिजे. चांगला मोठा. कापा तुम्ही गवत."

"हे तुमच्या मुलाला सांगा ना."

"सांगते. तू साक्षीला राहा."

त्यांनी खरंच हाक मारली. माझा नवरा टीव्हीसमोरून उठून आला, ऐकलं, आणि बरं म्हणाला. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

पुढच्या वर्षी अधिक महिना होता. त्या महिन्यात देवांचं आणि भुतांचं माणसांकडे लक्ष नसतं म्हणतात, म्हणून थडगी हलवायची ती तेव्हाच. ऑगस्टमध्ये एक दिवस भर दुपारी खिडकीशी सात-आठ माणसं उभी असताना माझा फोन वाजला. बांग आजी होत्या. गेल्या आठवड्यात काम झालं, त्यांनी सांगितलं.

"कसं झालं?"

"पाऊस होता. चिखल. थोरला खड्ड्यापाशी जाईना गं. तीन वर्षं गवत कापणारा तो, पण माती उघडल्यावर दूर जाऊन झाडामागे उभा राहिला. धाकटाच उतरला खाली. त्या कामाच्या माणसाबरोबर एकेक हाड उचललं, पुसलं, कागदावर मांडलं. काही राहिलं नाही ना म्हणून दोनदा मोजलं. डोकं त्याने स्वतःच्या हातांनी उचललं. बराच वेळ धरून होता."

माझ्यासमोर एक माणूस तळ्याकडे जाणाऱ्या बसचं विचारत होता. मी त्याला बोटाने थांबा दाखवला.

"आणि आता भांडण वेगळंच," आजी म्हणाल्या. "दगडावरची अक्षरं कुठल्या बाजूला असावीत. एक म्हणतो गावाकडे, एक म्हणतो डोंगराकडे. तासभर पावसात उभे राहून भांडले. शेवटी मी म्हटलं, तुमचे बाबा पाठीवर झोपायचे, त्यांना काय फरक पडतो? गावाकडे केली."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझा पत्ता दे. लसूण पाठवते. उईसोंगचा लसूण खाऊन बघ एकदा."

"आजी, आम्हाला सरकारी कामात भेटी घेता येत नाहीत. नियम आहे."

"मग सासूच्या नावाने पाठवते. ती सरकारी नाही ना?"

चार दिवसांनी शंभर गड्ड्यांची एक वेणी आली. सासूबाईंनी ती हुंगून पाहिली, दोन पाकळ्या सोलून चाखल्या आणि गच्चीतल्या सावलीत टांगली. लसूण कसा आहे ते त्या बोलल्या नाहीत. फक्त जावांना फोन करून सांगितलं की या वर्षी लोणचं आमच्याकडेच घालायचं, आणि ह्येसूक सोलायला बसणार आहे.